एक अंगावर, एक गाठोड्यात

रेवाजिजीने बांधलेलं गाठोडं कुणालाही सोडता येत असे, पण पुन्हा तसंच बांधणं कुणाला जमत नसे. तिची गाठ विड्याच्या पानासारखी चपटी बसायची. दोन्ही टोकं आत कुठे जातात ते शेजारी उभं राहून पाहिलं तरी कळत नसे. मी पाहिलं आहे, पुष्कळदा. त्यामुळे तिचं गाठोडं मध्येच कुणी उघडलं की तिला ते दारातूनच समजायचं आणि मग उघडणाऱ्याचं त्या दिवशीचं जेवण गोड लागत नसे.

आमचं गाव शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीपासून दीड कोसावर. मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा चौदा वर्षांची होते. महायुद्ध सुरू व्हायला अजून पाच-सहा वर्षं होती. रेवाजिजीचं घर आमच्या समोर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली. तिच्या ओट्यावर काय चाललं आहे ते मला चुलीपाशी बसून दिसायचं, आणि माझ्या चुलीवर काय चाललं आहे ते तिला वासावरून कळायचं. अंगाने उंच, सुकलेली, पाठ ताठ. समोरचे दोन दात मिसरीने काळे झालेले. हसताना ती हात आडवा धरत नसे. फार हसतही नसे.

तिच्या घरातून कुणीही कुठेही निघालं की सामान ती बांधायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. जाणारा माणूस समोर उभा राहायचा आणि ती त्याच्याकडे न बघता वस्तू उचलायची, हातावर तोलायची, आत टाकायची किंवा मागे ठेवायची. घरातल्या बायकांसाठी तिचा नियम साधा होता. एक लुगडं अंगावर, एक गाठोड्यात. गाठोड्यात एक लुगडं म्हणजे माहेरी चार दिवस. दोन दिली तर आठ दिवस. तीन लुगडी तिने मी पाहिल्यापासून एकदाच दिली होती, तिच्या जावेचा बाप वारला तेव्हा, कारण तेराव्यापर्यंत राहायचं होतं आणि सुतकात लुगडं रोज पाण्यात जातं. अशा रीतीने तिला कुणाला तोंडाने "अमक्या दिवशी परत ये" असं सांगावं लागत नसे. जाणारी बाई गाठोडं उघडायची आणि मुक्काम मोजायची.

"जास्त लुगडा दिधा का पाय पसरतस," ती म्हणायची.

गावातले लोक तिच्या स्वभावाला नावं ठेवत, पण लांब जायचं असलं की तिलाच बोलावत. तिचा हात होताच तसा. तापीकाठच्या प्रकाशा गावी पर्वणीला जाणाऱ्या सात माणसांचं सामान तिने दोन गाठोड्यांत बसवलेलं मी पाहिलं आहे. लोणच्याची बरणी तिने बाजरीच्या पिठात पुरून दिली. तापीच्या काठापर्यंत गाडीने जे हाल केले त्यात एका माणसाचा दात पडला, पण बरणीला तडा गेला नाही.

एकदा गल्लीतल्या एका बाईचा मुलगा सुरतेला मिलमध्ये कामाला निघाला होता. ती बाई जिजीला बोलवायला आली.

"जिजी, पोऱ्या सुरतले जाई ऱ्हायना. काय काय देऊ वं त्याले?"

जिजी गेली. बाईने खाटेवर मांडून ठेवलं होतं: गोधडी, उशी, तांब्या, लाडू, कुलदैवताची तसबीर, मुलाची लहानपणची कुंचीसुद्धा. जिजीने आधी कुंची उचलली आणि बाईच्या मांडीवर टाकली.

"तो जाई ऱ्हायना का तू?"

मग गोधडी काढली, उशी काढली, लाडू अर्धे केले. तसबीर राहू दिली, कारण ती सपाट होती. बाई रडायला लागली तेव्हा जिजी म्हणाली, "गरज डोकामा ऱ्हास, वजन पाठवर पडस." हे तिचं नेहमीचं वाक्य. ऐकणाऱ्याला ते शहाणपणाचं वाटायचं. पाठ दुसऱ्याची असली की शहाणपण सुचायला सोपं जातं, असं मला आता वाटतं. तेव्हा मलाही ते पटायचं.

तिचा नवरा उखाबाप्पा. गरीब माणूस. त्याला तोरणमाळच्या यात्रेला जायची हौस होती, आणि गावातली माणसं दरवर्षी पायी जात. एका वर्षी जिजीने परवानगी दिली. तीन दिवसांचं जाणं-येणं. तिने त्याला पाच भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दोन कांदे बांधून दिले. सातपुड्याचा चढ चढायचा, थंडीत झोपायचं, आणि पाच भाकरी. तो परत आला तेव्हा गालफडं बसली होती. ओट्यावर टेकला तोच जिजीने त्याच्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं आणि उलगडून पाहिलं. आत दीड भाकर होती, वाळून खापरासारखी झालेली. बिचाऱ्याने ती जपून ठेवली होती, वाटेत काही झालं तर असावी म्हणून.

"पाच दिध्यात, दीड उरनी," जिजी म्हणाली. "म्हंजे साडेतीनमा भागनं. मंग पाच कशाले लई ग्यात?"

उखाबाप्पा म्हणाला, "पोट तठेच सोडी उनू ना वं डोंगरमा. तुले वझं नको म्हनीसन."

सगळी गल्ली हसली. जिजी हसली नाही. पुढच्या वर्षी तिने साडेतीन भाकरी बांधल्या. मी खोटं सांगत नाही. अर्धी भाकर तिने मधोमध मोडून घातली होती.

तिची एकुलती लेक मथी. मथीच्या लग्नात पेटी भरायला सगळ्या बायका जमल्या होत्या, मीही होते. मथीने आपल्या हाताने पेटीच्या तळाशी एक छोटा आरसा ठेवला होता, पितळी कडेचा. आजीने दिलेला. जिजीने पेटी भरली, मग कसला तरी संशय येऊन सगळी उपसली आणि आरसा बाहेर काढला.

मथी म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना माय."

"आरसा कशाले वं? तुन्हं तोंड कसं शे ते सासू रोज सांगी."

बायका हसल्या. मीसुद्धा हसले, कारण ते बोलणं हसण्यासारखंच होतं. मथी सासरी गेली ती सणाला बोलावलं तरच यायची, यायची तेव्हा कोरड्या तोंडाने यायची, आणि चार दिवसांच्या जागी दोनच दिवस राहून जायची. जिजी म्हणायची, माझी लेक बघा कशी सासरी रमली आहे.

आता पुनीचं सांगते.

पुनी जिजीची सून, छगनची बायको. छगन जिजीचा मुलगा. तो बापासारखाच, आईपुढे मान वर न करणारा. पुनी माझ्यापेक्षा वर्षभराने लहान होती. रंगाने सावळी, हाताने चपळ. बोलताना वाक्य अर्धं सोडायची आणि डोळ्यांनी पुरं करायची. तिचं माहेर नवापूरच्या बाजूला. आमच्या गावाहून गाडीने तापी उतरून नंदुरबार गाठायचं आणि मग आगगाडी, म्हणजे निघाल्यापासून पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. तिला सख्खा भाऊ नव्हता. चुलतभाऊ नथू तिला न्यायला मुराळी म्हणून यायचा. मुराळी आल्याशिवाय सुनेने माहेरी जायचं नाही ही आमच्याकडची रीत.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि नथू आला. एकटा, दमलेला. ओट्यावर बसून त्याने पाणी प्यायलं आणि सांगितलं, "काकूनी तब्बेत बरी नही जिजी. पाय सुजी ग्यात. अन्न जात नही. सारखं पुनीनं नाव काढी ऱ्हायनी."

पुनी आत दाराच्या फळीआड उभी होती. मला ती दिसत होती, नथूला नव्हती.

जिजीने त्याला जेवायला वाढलं. चांगलं वाढलं, तूप वाढलं. आणि म्हणाली, "मी नही म्हनस का? मायले पोर नही भेटी ते कोन भेटी? पन कपाशी फुटी ऱ्हायनी. पहिला वेचा घरमा येऊ दे. छगन सोता सोडाले यी."

नथूने हात धुतले, पण तो उठेना. रिकाम्या हाताने परत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. ते जिजीच्या लक्षात आलं. तिने पुनीला हाक मारली, तिचं हिरवं लुगडं आणायला सांगितलं. नथूच्या समोर फडकं पसरलं, त्यात लुगडं, चोळी, कुंकवाचा करंडा, विहिणीची ओटी भरायला नारळ आणि गुळाचा खडा ठेवला, आणि आपली ती चपटी गाठ मारली. गाठोडं तिने मधल्या खोलीच्या खुंटीला अडकवलं.

"हाई देख. तुन्हा समोर बांधं. सांग तिन्ही मायले."

आमच्या भागात बांधलेलं गाठोडं म्हणजे दिलेला शब्द. मुलीचं गाठोडं बांधून झालं की तिला अडवत नाहीत, अपशकुन मानतात. नथूला धीर आला. तो हसला आणि उठला. त्याची चूक एवढीच झाली की गाठोडं बांधलं म्हणून तो परत गेला. कुणाही सरळ माणसाने तेच केलं असतं. बांधलेलं गाठोडं महिनाभर खुंटीवर ठेवणारी बाई त्याने तोवर पाहिली नव्हती.

पहिला वेचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस, घरात आला. मग जिजी म्हणाली, दुसरा लगेच सुरू होतो आहे, मजूर मिळत नाहीत, डोंगरातली माणसं यंदा उतरलीच नाहीत. ते खोटं नव्हतं. त्या साली मजूर खरंच कमी होते आणि कपाशी पांढरीफेक फुटली होती. दुसरा वेचा झाला. तिसरा आला. गाठोडं खुंटीवरच. पुनी रोज त्याच्याखाली बसून दळायची.

आणि आता यातली खरी गोष्ट. पुनीजवळ धड लुगडी दोनच होती. एक अंगावर, एक गाठोड्यात. गाठोड्यातलं काढायचं तर गाठ सोडावी लागणार, आणि गाठ सुटली की जिजी म्हणणार, तूच सोडलंस ना, मग राहा. त्यामुळे महिनाभर पुनी एका लुगड्यावर राहिली. नाल्यावर ती अर्धं लुगडं नेसून अर्धं धुवायची, ते वाऱ्यावर धरून वाळवायची, मग वाळलेलं नेसून उरलेलं धुवायची. मार्गशीर्षातली थंडी. सगळ्या बायकांसमोर. बायका कपडे आपटत आपटत तिच्याकडे बघायच्या.

मी एकदा माझं जुनं लुगडं तिला दिलं. संध्याकाळी जिजी ते घडी करून माझ्या उंबऱ्यावर घेऊन आली. मी चौथीपर्यंत शिकलेली म्हणून ती मला शाळावाली म्हणायची.

"ओ शाळावाली," ती म्हणाली, "आमनी बहूले लुगडा शेतस. एक अंगवर, एक गाठोडामा. तुन्हं तुले ऱ्हाऊ दे."

मी ते घेतलं. काय करणार होते? माझी सासू मागे उभी होती, आणि तिचा आणि जिजीचा घरोबा होता.

पुनी शेतात दोन ओळी एकदम वेचायची. तिला वाटायचं, कापूस संपला की आपण सुटू. बोंडाच्या वाळल्या टोकांनी तिची बोटं नखांजवळ फाटली होती. कापसाला रक्त लागू नये म्हणून ती बोटांना चिंध्या बांधायची, आणि चिंध्यांनी हात मंद होतो म्हणून दुपारनंतर सोडून टाकायची. जिजी बांधावर उभी राहून माझ्या सासूला म्हणाली, मी ऐकलं आहे, "मायनी आठवन उनी का हात चालतस तिना."

घरी पुनी कधी दळता दळता रडायची. जिजी खुंटीकडे बोट दाखवायची.

"बांधेल शे ना तुन्हं गाठोडं? मंग रडस कशाले?"

छगन काही बोलला का, असं मला पुष्कळांनी पुढे विचारलं. नाही बोलला. तो गोठ्यात जाऊन बसायचा.

नथू दुसऱ्यांदा आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सकाळची उन्हं ओट्यावर आली होती. तो घराकडे आलाच नाही. आधी मारुतीच्या पारावर गेला. डोक्याला काही नव्हतं. पुरुषांनी त्याला बसवलं, तर तो जमिनीवर बसला. थोड्या वेळाने उखाबाप्पा पाराकडून मागच्या दाराने घरात गेला आणि त्याने जिजीला सांगितलं. पुनीची आई दोन दिवसांपूर्वी गेली होती. जाळूनही झालं होतं.

गल्लीला हे अर्ध्या घटकेत कळलं. पुनीला सोडून. मुलीला सासरी असताना आई मेल्याचं सांगत नाहीत. "तब्बेत जास्त शे" एवढंच सांगतात आणि गाडीत बसवतात. ती आपल्या पायांनी माहेरी पोचावी, तिथे तिच्या माणसांत तिला कळावं, म्हणून. चांगल्या मनाने पडलेली रीत आहे. सगळे ती पाळतात.

नथू ओट्यासमोर येऊन उभा राहिला. पाणी नको म्हणाला. पुनी बाहेर आली.

"मायनी तब्बेत जास्त शे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चाल."

आणि जिजी म्हणाली, "जाय."

पुनीचा चेहरा मी पाहिला. आई जास्त आजारी आहे हे ऐकून मुलीचा चेहरा उतरायला हवा. तिचा उजळला. महिनाभराने कुणीतरी जा म्हटलं होतं. ती पळत माझ्या दाराशी आली, माझ्याकडून फणी मागून घेतली, उभ्या उभ्या केस विंचरले.

"वहिनी," तिने विचारलं, "माय वळखी ना वं माले?"

मी म्हटलं, "वळखी."

हे मी म्हटलं. माझी सासू बाजूला होती, दोन बायका होत्या, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी "वळखी" म्हटलं आणि तिची वेणी घालून दिली.

तिने कुंकू लावलं, खुंटीवरचं गाठोडं काढलं आणि काखेत धरून ओट्यावर आली. गाडी जुंपून झाली होती. आता बसायचंच बाकी होतं.

"ठेव ते खाले," जिजी म्हणाली.

पुनी तिच्याकडे बघायला लागली.

"आन आठे."

जिजी ओट्यावर बसली, गाठोडं पुढ्यात घेतलं आणि महिनाभर कुणी न सोडलेली गाठ तिने दोन बोटांनी सोडली. आधी नारळ काढला आणि मागे ठेवला. गुळाचा खडा काढला. कुंकवाचा करंडा काढला. मग हिरवं लुगडं. त्याची घडी तिने मांडीवर नीट केली आणि तेही मागे ठेवलं. आत गेली. येताना हातात जुनी लुगडी होती, रंग गेलेली, तिच्या स्वतःच्या वापरातली. एक ठेवलं. दुसरं ठेवलं. नथू गाडीकडे तोंड करून उभा राहिला. माझी सासू हळूच म्हणाली, "जिजी, ऱ्हाऊ दे वं," पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही, किंवा पोचलं असेल. जिजीने तिसरं लुगडं ठेवलं.

पुनी गाठोड्याकडे बघत होती. नारळाकडे तिने एकदाच पाहिलं होतं. मग तिच्या ओठांनी मोजलं. मला दिसलं. एक, दोन, तीन.

"जिजी," ती म्हणाली, "तीन कशाले?"

जिजी गाठ मारत होती. तिने मान वर केली नाही.

"लागतीन."

एवढंच. पुनी ओरडली नाही, पडलीही नाही. ती गुडघ्यांतून खाली बसली, बैल बसतो तशी, आधी पुढून मग मागून. हाताने कपाळ चाचपलं. नंतर माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मला ते काय होतं ते ठाऊक आहे आणि ती जिवंत असेल तर तिला ठाऊक आहे.

"ऊठ," जिजी म्हणाली. "गाडी उभी शे."

पुनी चौदाव्या दिवशी परत आली. गाठोड्यात तीन लुगडी होती आणि वर चौथं, आईचं, बापाने दिलेलं. जिजीने चारही मोजून घेतली. आईचं लुगडं तिने त्याच आठवड्यात गोधडीत घातलं, तेही आतल्या थरात, वरून दिसेल असं नाही. पुनीने टाके घालायला मदत केली.

नाल्यावर पुनीने मला एकदाच सांगितलं. तिची आई शेवटच्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, पोरीचं गाठोडं बांधून झालंय, नथू बघून आला, आज-उद्या येईलच. अंगणात गाडी वाजली की उठवून बसवायला सांगायची. महिनाभर तिला रोज उठवून बसवत होते. हे सांगून पुनी कपडे पिळायला लागली. त्यानंतर ती कधी माहेरी जायचं म्हणाली नाही, नथू आला तरी नाही. माझ्याशी ती बोलायची, मीठ-मिरची मागायची, पण मला काही विचारायची नाही. खरं-खोटं कळावं असं काहीही तिने मला पुन्हा विचारलं नाही.

दोन वर्षांनी माझ्या नवऱ्याला शहाद्याला कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात काम मिळालं आणि आम्ही गाव सोडायचं ठरवलं. गाडी दारात उभी होती. मी सामान आणून टाकत होते तेवढ्यात जिजी समोरून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने गाडीवर नजर टाकली आणि पाटा-वरवंटा खाली काढून ठेवला.

"शहादाले दगड मियतस," ती म्हणाली.

मग मी भरलेलं सगळं उतरवून तिने पुन्हा भरलं, आणि आमची अर्धी गाडी मोकळी राहिली. तिचा हात चालत असताना बघत राहावंसं वाटायचं. आता तिचं माझ्यावर काही चालणार नव्हतं, आणि सासू आत होती. म्हणून मी विचारलं.

"जिजी, त्या दिनले तुमी तिले तोंडवर सांगं नही आनि लपाडं बी नही. आसं कशाले करं?"

ती दोरी आवळत होती. ती सहज बोलली, स्वयंपाकाबद्दल बोलावं तशी.

"मन्ही माय मरनी तवय मलेबी आसंच सांगं व्हतं, तब्बेत जास्त शे. सासूनी हिरवं लुगडं नेसाडं, नाकमा नथ, हातमा नारय. मी वेशपाईन हासत गयी. गावन्या बाया मले देखीसन तोंड फिराई लेत. मले वाटनं, मन्ही नथ देखी जळी ऱ्हायन्यात." ती थुंकली. "दारमा गयी, त मानसं भुईवर बठेल. मन्हा हातमा नारय. मन्ही बहूनी आशी फजिती मी नही होऊ दिधी."

तिला यात अभिमान होता. ती दुःख सांगत नव्हती, आपलं काम किती नीट असतं ते सांगत होती. पुढे मी ही गोष्ट ज्यांना सांगितली त्यांतल्या काहींना इथे तिची दया आली. मला नाही आली. कारण मी पुढचंही विचारलं.

"मंग महिनाभर आगोदर कशी नही धाडी तिले? तवय तिन्ही माय जिती व्हती."

जिजीने हातातली दोरी सोडली आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. चार इयत्ता शिकून या बाईला एवढंही समजू नये, असं ते पाहणं होतं.

"कापूस येचाना व्हता ना वं."

आणि ती पुन्हा दोरी आवळायला लागली.

आमची गाडी निघाली. त्या सकाळी आमच्या आधी कापसाच्या चार-पाच गाड्या भरून गेल्या होत्या, जिनाकडे. गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं. आम्हाला बघायला सगळे दारात उभे होते, पुनीसुद्धा उंबऱ्याच्या आत उभी होती. जिजी आमच्याकडे बघत नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध वाकली होती आणि गाड्यांवरून पडलेले कापसाचे पुंजके एकेक करून उचलत होती. उचलायची, फुंकर मारून माती उडवायची, पदराच्या ओटीत टाकायची, एक पाऊल पुढे सरकायची. बैलाच्या शेणात पडलेला एक पुंजका तिने वाकून नीट पाहिला. त्याचा वरचा स्वच्छ भाग तेवढा तोडून घेतला, आणि पुढे गेली.